गाठ कोणत्या पेशीची, ते आधी कळू द्या

प्रश्न : माझ्या आईचं वय ६१. चार-पाच महिन्यांपासून तिला घास छातीच्या मध्यावर अडकल्यासारखा वाटतो. पाणी मात्र नीट जातं, वजनही फारसं उतरलेलं नाही. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या भागात फुगवटा दिसला, पण वरचं अस्तर गुळगुळीत होतं. चिमट्याने घेतलेला तुकडा नॉर्मल आला. मग एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून सुईने नमुना घेतला. गाठ साडेतीन सेंटिमीटरची, चौथ्या थरातली. सीटी स्कॅनमध्ये यकृत, फुप्फुसं, लसिकाग्रंथी ठीक आहेत. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये 'स्पिंडल सेल निओप्लाझम, आयएचसी करावी' एवढंच लिहिलंय. डॉक्टर म्हणतात, दुर्मीळ प्रकार असू शकतो, नाव कळेपर्यंत थांबा. भावाने इंटरनेटवरून स्मॉल सेल, मेलॅनोमा, कार्सिनोसार्कोमा अशी यादीच काढली आहे आणि एका ठिकाणी त्याने 'सरासरी आयुष्य एक वर्ष' असं वाचलं. लगेच ऑपरेशन करून टाकू, नाहीतर निदान पेट स्कॅन तरी करू, असा त्याचा आग्रह आहे. मामांना वाटतं लॅब उगाच वेळ काढते आहे. आई रोज विचारते, 'काय निघालं?' तिला काय सांगू? आणि तिच्या हाती किती दिवस आहेत, हे कुणी स्पष्ट का बोलत नाही?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण घरातली सगळी धावपळ त्यातूनच चाललेली दिसते. किती दिवस, याचं उत्तर आज कुणालाच देता येणार नाही. डॉक्टर काही लपवत आहेत असं नाही. गाठ कोणत्या पेशीपासून झाली हेच अजून ठरायचं आहे, आणि त्याआधी सांगितलेला कुठलाही आकडा अंदाजपंचे असेल. पण जे कळलेलं आहे तेही कमी नाही आणि त्यातलं बहुतेक आईंच्या बाजूचं आहे. भावाने वाचलेला एक वर्षाचा आकडा ज्या गाठीचा असावा, तिचं वर्णन तुमच्या रिपोर्टशी जुळतच नाही.

आधी जागा समजून घ्या. अन्ननलिका म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची, स्नायूंची नळी. आतून अस्तर, त्याखाली अस्तराला जोडून ठेवणारा सैल थर, मग जाड स्नायू आणि सगळ्यांत बाहेर पातळ वेष्टन. एंडोस्कोपिक सोनोग्राफीत हीच भिंत पाच पट्ट्यांची दिसते. पहिल्या दोन पट्ट्या अस्तराच्या, तिसरी त्याखालच्या सैल थराची, चौथी स्नायूची आणि पाचवी बाहेरची. अन्ननलिकेच्या कर्करोगांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक रोग दोनच प्रकारचे असतात, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आणि ॲडेनोकार्सिनोमा. दोन्ही अस्तरातून उगवतात. त्यामुळे तिथलं अस्तर खडबडीत होतं, त्याला व्रण पडतो, हात लागला की रक्त येतं आणि चिमट्याच्या तुकड्यात बहुधा निदान होऊन जातं.

आईंचं अस्तर गुळगुळीत आहे आणि गाठ चौथ्या पट्टीत, म्हणजे स्नायूच्या थरात. चिमटा अस्तरापलीकडे सहसा पोचत नाही, म्हणून तो तुकडा नॉर्मल आला. पहिली बायोप्सी वाया गेली किंवा चुकली असं तुमच्या घरात कुणी म्हणत असेल, तर तसं नाही. गाठ अस्तरातली नाही, हे त्या तुकड्यानेच सांगितलं.

आता 'स्पिंडल सेल' याचा अर्थ. पेशी लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या दिसल्या, एवढंच त्यात म्हटलेलं आहे. त्यावरून गाठ साधी की कर्करोगाची हे कळत नाही. स्नायूची पेशी अशीच दिसते, मज्जातंतूच्या आवरणाची पेशीही अशीच दिसते आणि काही कर्करोगांच्या पेशीही हाच आकार घेतात. 'निओप्लाझम' म्हणजे नवी वाढ, चांगली किंवा वाईट. पॅथॉलॉजिस्टने हातात जेवढा पुरावा होता तेवढंच लिहिलं आणि पुढची तपासणी सुचवली. मला हा रिपोर्ट प्रामाणिक वाटतो. अपुऱ्या नमुन्यावर ठाम नाव ठोकून देणारा रिपोर्ट वाचला की मला जास्त काळजी वाटते.

अन्ननलिकेच्या स्नायूथरात स्पिंडल पेशींची गाठ असली की चार नावं समोर येतात. लायोमायोमा, म्हणजे स्नायूचीच साधी गाठ. जिस्ट, म्हणजे गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर. श्वानोमा, मज्जातंतूच्या आवरणाची साधी गाठ. आणि लायोमायोसार्कोमा, स्नायूचा कर्करोग. यांत लायोमायोमा इतर तिघांच्या कितीतरी पुढे आहे. अन्ननलिकेतल्या साध्या गाठींपैकी सुमारे दोन तृतीयांश लायोमायोमाच निघतात. जठरात हे प्रमाण नेमकं उलटं असतं, तिथे अशी गाठ दिसली की जिस्ट आधी मनात येतो. शरीरातल्या सगळ्या जिस्टपैकी अन्ननलिकेत सापडणारे एक टक्काही नसतात. म्हणजे डॉक्टर 'दुर्मीळ' म्हणाले ते बरोबरच आहे, पण दुर्मीळ गाठींत निरुपद्रवी गाठीही येतात, हे तुमच्यापर्यंत नीट पोचलेलं दिसत नाही.

मामांच्या शंकेकडे वळते. आयएचसी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, हे एका दुपारचं काम नाही. सुईने निघालेला नमुना केसाएवढ्या जाडीचे, काही मिलिमीटर लांबीचे धागे असतात. ते फॉर्मलिनमध्ये पक्के करून मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात. त्या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून प्रत्येक काप वेगळ्या काचेवर घेतात आणि प्रत्येकावर वेगळी अँटिबॉडी घालतात. ज्या पेशीत ते ठरावीक प्रथिन असेल ती तपकिरी रंगते. लायोमायोमात डेस्मिन आणि स्मूथ मसल ॲक्टिन रंगतात. जिस्टमध्ये सीडी ११७, म्हणजे किट, आणि डॉग-१ रंगतात. श्वानोमात एस-१०० रंगतं. शिवाय केराटिनचीही एक काच लावतात, कारण अस्तराचा कर्करोग कधीकधी स्पिंडल आकाराचा वेष घेऊन येतो.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण काचेवर तसं नसतं. सीडी ११७ची काच हाती आली की आधी गाठ बघायची नसते, मास्ट पेशी शोधायच्या असतात. या पेशी जवळजवळ प्रत्येक उतीत विखुरलेल्या असतात आणि त्यांच्यात किट असतंच. त्या रंगल्या नसतील तर रंगच नीट बसलेला नाही, मग गाठ कोरी दिसली तरी त्या कोरेपणाला अर्थ नाही. ती काच पुन्हा करायची. उलटी फसगतही होते. अन्ननलिकेच्या लायोमायोमात मास्ट पेशी आणि काजल पेशी (आतड्यांच्या हालचालीला चालना देणाऱ्या, त्यांच्यातही किट असतं) अधूनमधून पेरलेल्या असतात. त्या तपकिरी ठिपक्यांना भुलून साध्या गाठीला जिस्ट म्हटलं जाण्याचा धोका असतो. पेशींच्या सगळ्या गठ्ठ्यात रंग आहे की सुट्या पेशींत, हे शांतपणे बघावं लागतं. तिसरी अडचण सुईची. ती गाठीपर्यंत जाताना निरोगी स्नायूमधून जाते, त्यामुळे नमुन्यात आलेला स्नायू गाठीचा आहे की वाटेतला, असा प्रश्न उभा राहतो. लायोमायोमा आणि निरोगी स्नायू काचेवर एकमेकांच्या फार जवळचे दिसतात. म्हणून पॅथॉलॉजिस्ट कधीकधी सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारतात, सुई गाठीच्या मध्यात होती ना? या सगळ्याला काही दिवस लागतात, आणि एखादी काच पुन्हा करावी लागली तर आणखी. साडेतीन सेंटिमीटरची, गुळगुळीत अस्तराखालची ही गाठ तेवढ्या काळात डाव उलटवणार नाही.

समजा लायोमायोमा निघाला. मग कर्करोगाचा विषय बंद. लायोमायोमा पुढे जाऊन कर्करोग होण्याची उदाहरणं इतकी विरळ आहेत की त्या भीतीने कुणी गाठ काढत नाही. लहान आणि त्रास न देणारी गाठ ठरावीक काळाने सोनोग्राफीत पाहत राहतात. आईंना घास अडकतो आहे, त्यामुळे त्यांच्या बाबतीत काढण्याचा सल्ला मिळू शकतो. ही शस्त्रक्रिया नळी कापून जोडण्याची नसते. स्नायूचे धागे बाजूला सारून शेंगेतून दाणा काढावा तशी गाठ सोडवून घेतात आणि अस्तर शाबूत ठेवतात. काही केंद्रांत हेच काम तोंडातून घातलेल्या एंडोस्कोपने, भिंतीच्या आत बोगदा करून होतं. म्हणूनच एक गोष्ट आवर्जून सांगते. कुणी 'परत एकदा चिमट्याने खोलवर तुकडे घेऊ' म्हणालं तर घाईने हो म्हणू नका, आधी तज्ज्ञाशी बोला. वारंवार ओरबाडल्याने अस्तर गाठीला चिकटतं आणि पुढे गाठ सोडवताना तिथेच ते फाटतं.

समजा जिस्ट निघाला. इथे गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि तुमच्या भावाने खरं तर इथे वाचन करायला हवं होतं. आतड्यांची लयबद्ध हालचाल सुरू करून देणाऱ्या काजल पेशी असतात, जिस्टचं त्यांच्याशी नातं आहे. १९९८ साली जपानमध्ये हिरोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या गाठींत किट या जनुकात बदल झालेला असतो आणि पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम सतत मिळत राहतो. २००० साली फिनलंडमध्ये एका रुग्णाला इमॅटिनिब ही गोळी पहिल्यांदा जिस्टसाठी दिली गेली आणि पसरलेल्या गाठी आक्रसल्या. त्याआधी पसरलेल्या जिस्टसाठी हाताशी धड औषध नव्हतं, नेहमीची केमोथेरपी त्याच्यावर जवळजवळ निकामी ठरायची. जिथे रोगाचं भवितव्य एका गोळीने इतकं बदललं, अशा घन गाठी फार थोड्या आहेत.

जिस्टमध्ये पुढचा अंदाज तीन गोष्टींवर बांधतात. गाठ कुठे आहे, केवढी आहे आणि तिच्यातल्या किती पेशी विभाजनाच्या अवस्थेत आहेत. शेवटची गोष्ट मायक्रोस्कोपखाली मोजायची असते. पाच चौरस मिलिमीटर क्षेत्रात विभाजन होत असलेल्या पेशी पाचपर्यंत आहेत की त्याहून जास्त, हे बघतात. अन्ननलिकेतले जिस्ट इतके कमी आहेत की त्यांच्यासाठी स्वतंत्र भरवशाचा तक्ता नाही, म्हणून स्टेज ठरवताना लहान आतड्याचा तक्ता वापरतात. त्या तक्त्यात दोन ते पाच सेंटिमीटरच्या गाठींचं बघा. विभाजन पाचपर्यंत असेल तर रोग पुढे वाढण्याचं किंवा परतण्याचं प्रमाण १०० मागे ४ च्या आसपास, पाचापेक्षा जास्त असेल तर १०० मागे ७० च्या वर. आकडे इमॅटिनिबचा काळ येण्याआधीच्या, फक्त शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे आहेत, त्यामुळे आज दुसऱ्या गटालाही तेवढं हताश व्हायचं कारण नाही. पण फरक लक्षात घ्या. आकार तोच, नाव तेच, गाठ दोघांचीही तितकीच दुर्मीळ, आणि एका मोजणीने दोन माणसांची वाट वेगळी होते. 'जिस्ट आहे, किती दिवस?' असा प्रश्न म्हणून अर्धवट राहतो. त्यातही सुईच्या बारीक नमुन्यात पाच चौरस मिलिमीटर क्षेत्र बहुधा भरत नाही, तेव्हा खरी मोजणी गाठ पूर्ण निघाल्यावरच होते.

जिस्ट असेल तर शस्त्रक्रियेची पद्धतही बदलते. गाठ न फुटता, कडेने निरोगी उती घेऊन निघायला हवी. फुटली तर तिच्या पेशी आजूबाजूला सांडतात आणि जोखीम एकदम वाढते. लसिकाग्रंथी सरसकट काढण्याची सहसा गरज नसते, कारण जिस्ट क्वचितच त्या वाटेने जातो. गाठ मोठी असेल किंवा अवघड जागी असेल तर आधी काही महिने इमॅटिनिब देऊन ती लहान करून घेतात, म्हणजे अन्ननलिका वाचवता येते. धोका जास्त असलेल्यांना शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षं गोळी देण्याची पद्धत आहे. भावाला नेमकं हेच सांगा. लायोमायोमा गाठीला लागून सोडवायचा, जिस्ट कडेची निरोगी उती बरोबर घेऊन काढायचा. नाव माहीत नसताना ऑपरेशनला घेतलं तर सर्जनने कुठलं ऑपरेशन करायचं?

पेट स्कॅनबद्दलही त्याची समजूत काढावी लागेल. शिरेतून दिलेली किरणोत्सारी साखर जास्त खेचणाऱ्या पेशी पेटमध्ये उजळतात. गाठ अशी 'चमकली' म्हणजे कर्करोग, असं लोक धरून चालतात. अन्ननलिकेचा साधा लायोमायोमासुद्धा पेटमध्ये चमकतो, आणि बऱ्यापैकी चमकतो. नाव ठरल्यानंतर रोग पसरला आहे का हे बघायला पेट उपयोगी पडू शकतो. नाव ठरवायला तो आज उपयोगाचा नाही, घरातली घबराट मात्र वाढवेल.

श्वानोमा निघाला तर फार लिहिण्यासारखं काही नाही, साधी गाठ आहे, काढली की विषय मिटतो. लायोमायोसार्कोमा ही चौघांतली वाईट बातमी, पण फार विरळही. त्यात पेशींची केंद्रकं वेडीवाकडी असतात, विभाजन भरपूर असतं, मधे मेलेल्या उतीचे पट्टे दिसतात. तुमच्या रिपोर्टमध्ये यातलं काही लिहिलेलं नाही. ते सुईच्या नमुन्यापुरतंच खरं, हेही सांगून ठेवते.

आता भावाची यादी. ती सगळी नावं खरी आहेत, फक्त आईंच्या रिपोर्टला त्यातलं एकही सहजी लागू पडत नाही.

स्मॉल सेल कार्सिनोमा अन्ननलिकेच्या कर्करोगांत शंभरात एक-दोन इतका असतो. १९५२ साली मॅक्यून यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. त्याच्या पेशी लहान, गर्द, जवळजवळ नुसत्या केंद्रकाच्या असतात. स्पिंडल पेशींचा रिपोर्ट देणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या नजरेतून ते सुटणं कठीण. हा रोग लवकर पसरतो, म्हणून आधी केमोथेरपी, बरोबर रेडिएशन, अशी त्याची वाट असते. एक वर्षाच्या आसपासचा आकडा पसरलेल्या अवस्थेतल्या याच रोगाला शोभतो. मर्यादित अवस्थेत सापडलेले काही रुग्ण मात्र त्याहून कितीतरी जास्त जगले आहेत. याच घराण्यातला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, पेशी शिस्तीत असलेला आणि के-आय-६७ (किती पेशी वाढीच्या अवस्थेत आहेत, त्याचं प्रमाण) कमी असलेला, अगदी वेगळा वागतो. तीन टक्क्यांखाली के-आय-६७ असलेली पहिल्या ग्रेडची लहान गाठ एंडोस्कोपने काढून लोक घरी जातात. दोघांच्याही नावात 'न्यूरोएंडोक्राइन' येतं, म्हणून ज्यांच्या रिपोर्टमध्ये तो शब्द असेल त्यांनी ग्रेड वाचल्याशिवाय पुढचं काही वाचू नये.

अन्ननलिकेतच सुरू झालेला मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, हजार कर्करोगांत एक किंवा दोन. अन्ननलिकेत रंगपेशी असतात हेच अनेकांना ठाऊक नसतं, पण काही निरोगी माणसांच्या अस्तरातही त्या सापडतात. हा रोग बहुधा नळीच्या आत लोंबणारी, बरेचदा काळसर गाठ म्हणून दिसतो. काहींत काळा रंग नसतोच, तेव्हा एचएमबी-४५ आणि मेलॅन-ए या काचा उपयोगी पडतात. त्याचं भवितव्य चांगलं नसतं, ते गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. प्रतिकारशक्तीला मोकळं करणाऱ्या नव्या औषधांचा काहींना फायदा होतो. यावरून आठवलं, आईंच्या अंगावरचा एखादा तीळ किंवा स्तनातली गाठ पूर्वी कधी काढलेली असेल, तर ते आत्ताच पॅथॉलॉजिस्टला कळवा. दुसरीकडचा कर्करोग क्वचित अन्ननलिकेच्या भिंतीत येऊन बसतो आणि जुना इतिहास माहीत नसेल तर भलत्या दिशेला शोध सुरू होतो.

कार्सिनोसार्कोमाची, म्हणजे अस्तराच्या कर्करोगात स्पिंडल पेशीही मिसळलेल्या गाठीची, गंमत अशी की तो बघायला सगळ्यांत भयंकर आणि वागायला तितका नाही. नळीच्या पोकळीत मोठी, देठाला लटकलेली गाठ वाढते. त्यामुळे घास लवकर अडकू लागतो आणि माणूस लवकर डॉक्टरकडे जातो. गाठ मोठी असूनही भिंतीत फार खोल शिरलेली नसते, असं बरेचदा आढळतं. तरी तो कर्करोगच, लसिकाग्रंथींत जातो, हलक्यात घेण्यासारखा नाही. पण पुन्हा, तो अस्तरातून उगवतो आणि आईंचं अस्तर शाबूत आहे.

तुमच्या भावाच्या यादीत एक नाव नाही, ते मी घालते, कारण ते कळलं तर बाकीच्यांकडे बघण्याची त्याची नजर बदलेल. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. पचनमार्गात हा सगळ्यांत जास्त अन्ननलिकेतच सापडतो. पिवळसर, टणक, बहुधा दोन सेंटिमीटरहून लहान, एस-१०० रंगणारी गाठ, मज्जातंतूच्या आवरणातल्या श्वान पेशींची. बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, घातक निघण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन. तिचा उपद्रव वेगळाच आहे. तिच्यावरचं अस्तर चेकाळल्यासारखं जाड होतं आणि त्याची बोटं खाली उतरतात. बायोप्सीत वरचाच भाग आला तर ती बोटं थेट स्क्वॅमस कर्करोगासारखी दिसतात. खाली दाणेदार पेशी आहेत का, हे बघण्यासाठी नमुना पुरेसा खोल हवा आणि बघणाऱ्याला ही शक्यता माहीत हवी. साध्या गाठीसाठी अन्ननलिका काढण्याची वेळ येऊ नये म्हणून हे.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. अन्ननलिकेच्या वरच्या भागातून लोंबणाऱ्या लांबलचक फायब्रोव्हॅस्क्युलर पॉलिपला पिढ्यान्पिढ्या साधा पॉलिप म्हटलं गेलं. हल्ली त्यांतल्या अनेक गाठींत एमडीएम-२ या जनुकाच्या जादा प्रती सापडल्या आणि त्या कमी तीव्रतेच्या लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या कर्करोगाच्या, ठरल्या. अशी गाठ काढल्यावर पुन्हा येऊ शकते, म्हणून नजर ठेवावी लागते.

हे इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण आकडे. दुर्मीळ गाठींचे जगण्याचे आकडे कुठून येतात? एकेका रुग्णाच्या नोंदी आणि एखाद्या रुग्णालयाने अनेक वर्षांत जमवलेली मूठभर माणसं. विचित्र किंवा वाईट केस छापून येते, साधी केस कुणी लिहून पाठवत नाही. शिवाय जुन्या नोंदींतली नावंच आज भरवशाची नाहीत. १९९८च्या आधी अनेक जिस्ट लायोमायोमा किंवा लायोमायोसार्कोमा या नावांखाली जमा झाले. ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा म्हणून नोंदलेल्या कित्येक गाठी नंतर बेसलॉइड स्क्वॅमस, म्हणजे स्क्वॅमस कर्करोगाचाच एक प्रकार, निघाल्या. 'मध्य काळ बारा महिने' याचा अर्थ निम्मी माणसं त्याहून जास्त जगली, आणि किती जास्त ते त्या आकड्यात दिसत नाही. पुढच्या वेळी भावाने आकडा वाचून दाखवला की त्याला विचारा, रुग्ण किती, कोणत्या सालचे, कोणत्या स्टेजचे, निदान आयएचसीने पक्कं केलेलं होतं का. यातल्या दोन प्रश्नांचीही उत्तरं मिळाली नाहीत तर तो आकडा बाजूला ठेवा.

आईंना काय सांगायचं? जे कळलंय तेच. 'अन्ननलिकेच्या भिंतीत एक गाठ आहे. अस्तर चांगलं आहे, स्कॅनमध्ये दुसरीकडे काही दिसलेलं नाही. अशा गाठी बरेचदा साध्या असतात, पण एक वेगळी शक्यता तपासतायत, रिपोर्ट आला की मी तुला वाचून दाखवते.' यात खोटं काही नाही आणि पुढे काही बदललं तर शब्द फिरवावा लागणार नाही. 'काही नाही गं, ॲसिडिटी आहे' म्हणू नका. त्या रोज विचारतायत म्हणजे घरातले चेहरे त्यांनी वाचलेले आहेत. एंडोस्कोपी आणि सोनोग्राफीसाठी नेऊन आणल्यावर ॲसिडिटी कोण मानेल? पुढच्या भेटीला त्यांना बरोबर न्या आणि डॉक्टरांशी त्यांनाच बोलू द्या. दुखणं त्यांचं आहे, आणि लायोमायोमा निघाला तर लगेच काढायचा की काही दिवस बघायचं, हा निर्णयही त्यांनाच घ्यायचा आहे.

तोवर घास लहान, नीट चावून, बसूनच खायचं, आणि जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. पाणीसुद्धा अडकू लागलं, थुंकी गिळता येईना, रक्ताची उलटी झाली, शौच डांबरासारखी काळी झाली किंवा वजन झपाट्याने उतरू लागलं, तर मात्र रिपोर्टची वाट बघायची नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जायचं.

रिपोर्ट आल्यावर त्यात चार गोष्टी शोधा. गाठीचं नाव. कोणत्या काचा रंगल्या आणि कोणत्या नाहीत, कारण 'जिस्टशी सुसंगत' एवढंच लिहून किट आणि डॉग-१चा उल्लेख नसेल तर विचारायला हवं. विभाजनाची मोजणी, किंवा ती करता आली नाही असं स्पष्ट लिहिलेलं. आणि नमुना पुरेसा होता की नाही. नाव साधं आलं, पण 'नमुना कमी' असा शेरा असेल, तर सुईने पुन्हा नमुना घ्यावा का हे विचारा. इथे घाई करण्यापेक्षा पुन्हा सुई बरी.

दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, दुर्मीळ गाठींत ते घ्यावंच, आणि पहिल्या डॉक्टरांना सांगून घ्या, ते रागावणार नाहीत. पण दुसरीकडे जाताना फक्त रिपोर्टचा फोटो नेऊ नका. मूळ काचा आणि मेणाचा ब्लॉक लॅबकडून लेखी पोच देऊन घ्या, ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबरशी जुळतो का ते तिथेच बघा, आणि सॉफ्ट टिश्यू किंवा पचनमार्गाच्या गाठी नेहमी बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे द्या. काम झालं की ब्लॉक परत मागून घ्या. जिस्ट निघाला तर किट जनुकात बदल नेमका कुठे आहे, ही तपासणी त्याच ब्लॉकवर होईल. अकराव्या एक्झॉनमध्ये (एक्झॉन म्हणजे जनुकाचा एक तुकडा) असेल तर इमॅटिनिबची नेहमीची मात्रा बहुधा चांगली लागू पडते, नवव्यात असेल तर जास्त मात्रेचा विचार करतात. ब्लॉक हरवला तर एवढ्यासाठी आईंना पुन्हा सुईला सामोरं जावं लागेल.